भाषण मी पाहत नाही, वाचते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पंतप्रधान असोत की मुख्यमंत्री, त्यांचं दूरचित्रवाणीवरचं भाषण मी त्या वेळी पाहत नाही. दुसऱ्या दिवशी ते पूर्ण मिळवून वाचते. यावरून घरात मला नेहमीच ऐकावं लागतं, पण 21 सप्टेंबर 2025 च्या रविवारी जरा जास्तच झालं. सर्वपित्री अमावास्या होती, दिरांकडे सगळे जेवायला जमलो होतो. पंतप्रधान पाचला बोलणार हे कळल्यापासून वाहिन्यांवर तर्क सुरू होते. कुणी म्हणे जीएसटी, कुणी म्हणे अमेरिकेचा व्हिसा. पाच वाजत आले तशी मंडळी टीव्हीपुढे सरकून बसली आणि मी मागच्या पडवीत भांडी आवरायला गेले. पुतण्या मागोमाग आला. "काकू, देशाचा पंतप्रधान बोलतोय आणि तुम्हाला पाच मिनिटं बसवत नाही? हा त्यांचा अपमान आहे." दीर काही बोलले नाहीत, पण त्यांच्याही मनात तेच असावं. ते मला लागलं, म्हणून हे पत्र.

मी जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेच्या खेड्यातल्या शाखेत रोखपाल होते, 2019 मध्ये निवृत्त झाले. 8 नोव्हेंबर 2016 चं रात्री आठचं भाषण मी पाहिलं होतं. 500 आणि 1000 च्या नोटा मध्यरात्रीपासून बंद. 10 नोव्हेंबर ते 30 डिसेंबर या काळात बँकेत किंवा पोस्टात खात्यावर भरा. बदलून हव्या असतील तर 4000 रुपयांपर्यंत मिळतील. 9 तारखेला बँका बंद होत्या. 10 ला आम्ही शटर उघडायच्या आधीच रांग मारुतीच्या देवळापर्यंत गेली होती. शनिवार-रविवारीही शाखा चालू ठेवून आम्ही नोटा घेतल्या. मग 14 तारखेचं रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक आलं. जिल्हा मध्यवर्ती बँकांनी जुन्या नोटा बदलून द्यायच्या नाहीत आणि खात्यावर भरूनही घ्यायच्या नाहीत.

आमच्या त्या गावात सोसायटीचं पीककर्ज, दुधाचं बिल, उसाचा हप्ता, सगळं आमच्याच शाखेत. दुसरी बँक गाठायची तर एसटीने तालुक्याला जायचं, आणि तिथे बहुतेकांचं खातंच नव्हतं. एक आजी पदरात नोटा बांधून आल्या होत्या. मी परिपत्रक वाचून दाखवलं, तर म्हणाल्या, "बाई, पंतप्रधानांनी टीव्हीवर सांगितलंय बँकेत भरा म्हणून. मग ही बँक न्हाई का?" मी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. नोटा घेता आल्या नाहीत. 10 ते 14 तारखेदरम्यान आमच्यासारख्या बँकांनी घेतलेल्या नोटा रिझर्व्ह बँकेत भरण्याची परवानगी मिळायला 2017 चा जून उजाडला.

बाकीच्या बँकांतही रोज नवं परिपत्रक. बदलून देण्याची मर्यादा 4000 ची 4500 झाली, मग 2000 झाली, आणि 24 नोव्हेंबरनंतर बदलून देणंच थांबलं. 19 डिसेंबरला आदेश निघाला की 5000 च्या वर जुन्या नोटा भरायच्या तर एकदाच, आणि इतके दिवस का भरल्या नाहीत याची दोन अधिकाऱ्यांसमोर चौकशी होईल. 21 डिसेंबरला तो मागे घेतला गेला. 8 तारखेचं भाषण खोटं होतं असं मी म्हणत नाही. ते त्या रात्री संपलं. पुढचा सगळा व्यवहार कागदावर चालला, आणि ज्याने कागद वाचला नाही त्याची फेरी वाया गेली. त्या पन्नास दिवसांत काउंटरवर बसून मी ठरवलं की यापुढे आधी कागद.

नोटा मोजताना रोखपाल कुणाचं बोलणं ऐकत नाही. कितीही ओळखीचा माणूस समोर असो, मोजणी संपेपर्यंत मान वर करायची नाही, हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. नेता जितका चांगला बोलणारा तितकं माझं मोजणं चुकतं. त्याचा आवाज चढतो, तो थांबतो, आपण पुढच्या शब्दाची वाट पाहतो आणि मागचा आकडा निसटतो. वाचताना मी थांबू शकते, मागे जाऊ शकते, पेन्सिलने रेघ मारू शकते. केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाच्या (पीआयबी) संकेतस्थळावर पंतप्रधानांच्या भाषणाचा पूर्ण मजकूर येतो, मराठीतही. झेरॉक्सवाल्याकडून मी तो मोठ्या अक्षरांत छापून घेते.

21 सप्टेंबरचंच भाषण घ्या. मी पडवीतून घरात आले तेव्हा सगळे सांगत होते, जीएसटी कमी झाल्यामुळे लोकांचे अडीच लाख कोटी वाचणार. मजकुरात काय आहे? प्राप्तिकरातली सवलत आणि जीएसटीतली कपात, दोन्ही मिळून वर्षभरात अडीच लाख कोटींहून अधिक बचत. बोलणाऱ्याने नीट सांगितलं होतं. ऐकणाऱ्या आठ-दहा सुशिक्षित माणसांपैकी एकाच्याही लक्षात 'दोन्ही मिळून' राहिलं नाही.

दुसरी गोष्ट माझ्या खिशाची. साबण, पेस्ट, औषधं यांच्याबरोबर भाषणात आरोग्यविम्याचाही उल्लेख होता, त्यामुळे पुतण्या आनंदाने म्हणाला, "काकू, तुमच्या मेडिक्लेमवर आता टॅक्स नाही." मनापासून म्हणाला तो. पण करमाफी आहे ती व्यक्तिगत पॉलिसीला. आम्हा निवृत्तांचा मेडिक्लेम हा गटविमा आहे, आणि गटविम्यावर 18 टक्के कायम आहे. हे कळायला भाषण पाहण्याची गरज नव्हती आणि पाहून ते कळलंही नसतं. जीएसटी परिषदेचा निर्णय 3 सप्टेंबरलाच झाला होता, दर दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात आले होते. ते कात्रण माझ्याकडे आहे.

कुणी म्हणेल, हे पंतप्रधान आवडत नाहीत म्हणून ही बाई पाहत नाही. तसं नाही. डिसेंबर 2020 मध्ये दिल्लीच्या वेशीवरच्या शेतकऱ्यांनी 'मन की बात' चालू असताना थाळ्या वाजवल्या. तो निषेध होता, आणि तो करण्याचा त्यांना हक्क होता. माझा निषेध नाही. उद्धव ठाकरे मुख्यमंत्री असताना फेसबुकवरून बोलायचे. घरातल्या माणसासारखं बोलतात म्हणून आमच्याकडे सगळ्यांना ते आवडायचं. तेही मी पाहिलं नाही. 29 जून 2022 ला त्यांनी राजीनामा जाहीर केला, ते मी दुसऱ्या दिवशी पेपरमध्येच वाचलं.

एक आक्षेप मात्र मला खरा वाटतो. काही भाषणांनंतर हातात वेळच नसतो. 24 मार्च 2020 ला रात्री आठला टाळेबंदी जाहीर झाली आणि बारापासून लागू झाली. त्या रात्री शेजारणीने दार वाजवून मला सांगितलं. मी फोनवर गृह मंत्रालयाचा आदेश उघडला. त्यात किराणा, दूध, औषधं, रेशन दुकानं यांना सूट असल्याचं स्पष्ट लिहिलं होतं. खाली रस्त्यावर मात्र किराणा दुकानापुढे झुंबड उडाली होती, आणि गर्दी टाळा हेच सांगायला ते भाषण होतं. शेजारणीला मी आदेशातली ती ओळ दाखवली. पिशवी परत खुंटीला लावून ती घरीच थांबली. चक्रीवादळ येतंय, पूर येतोय असं सांगायचं असेल तर मी सगळ्यांच्या आधी टीव्हीपुढे बसेन. आमच्याकडे कृष्णेला पाणी वाढलं की रात्र रात्र बातम्या लावतो आम्ही.

पुतण्याला मला एवढंच सांगायचं आहे की देशाच्या पंतप्रधानाचा प्रत्येक शब्द मी वाचते, काही ठिकाणी दोनदा. याहून जास्त मान कसा द्यायचा मला माहीत नाही. 2014 च्या शिक्षकदिनी शाळाशाळांतून मुलांना पंतप्रधानांचं भाषण दाखवायची व्यवस्था करायला सांगितलं होतं. सक्तीची ओरड झाली तेव्हा केंद्राच्या मंत्र्यांनीच ते ऐच्छिक असल्याचा खुलासा केला. शाळकरी पोरांना जी मोकळीक आहे ती साठी उलटलेल्या बाईला घरात असावी.

आणि संपादक महोदय, आपल्याला एक विनंती. 22 सप्टेंबरच्या आपल्या अंकात भाषणाचा मथळा होता, मोठं छायाचित्र होतं, चौकटीत पाच मुद्दे होते, दोन पक्षांच्या प्रतिक्रिया होत्या. भाषण नव्हतं. राष्ट्राला उद्देशून केलेलं प्रत्येक भाषण, मग ते कोणत्याही पक्षाच्या नेत्याचं असो, आपण मराठीत पूर्ण छापावं. सोबत त्या विषयाची अधिसूचना किंवा आदेश निघाला असेल तर त्याचा क्रमांक, तारीख आणि त्यातल्या अटी द्याव्यात. वीस-बावीस मिनिटांच्या भाषणाला एक पान पुरावं. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही, झेरॉक्सवाला नाही, त्यांच्या हातात ते पान पडेल. पहिल्या पानावरचा मथळा आपल्या मनाप्रमाणे द्या, आतल्या पानावर मजकूर मात्र न कापता द्या, आणि अक्षर थोडं मोठं ठेवा.

आपली जुनी वाचक,
एक निवृत्त रोखपाल, कऱ्हाड