खुराड्याचे माप शेवटच्या आठवड्यातील वजनावरून ठरावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परसात मांसासाठी कोंबड्या पाळण्याविषयी जे मार्गदर्शनपर लेखन प्रसिद्ध होते, त्यात खाद्य, लसीकरण आणि जाती यांवर भरपूर मजकूर असतो. निवाऱ्याचा विषय मात्र ‘प्रति पक्षी १ चौरस फूट जागा ठेवावी’ एवढ्या एका वाक्यात आटोपला जातो. हा आकडा कोणत्या परिस्थितीत लागू पडतो हे सोबत सांगितले जात नाही आणि नव्याने पक्षी पाळणारा नेमका तिथेच फसतो.

पूर्ण वाढलेली अंड्यावरची कोंबडी वर्षभर जवळपास त्याच आकाराची राहते. ब्रॉयलरचे, म्हणजे मांसासाठी वाढवायच्या पक्ष्याचे, तसे नसते. अंड्यातून निघालेले पिल्लू ४० ते ४५ ग्रॅमचे असते आणि पाच-सहा आठवड्यांत तेच २ किलोच्या आसपास जाते, म्हणजे त्याचे वजन सुमारे पन्नासपट होते. पिल्ले आणली त्या दिवशी शेड रिकामी दिसते आणि ‘आणखी पंचवीस सहज मावतील’ हा मोह तेव्हाच होतो. त्यामुळे जागेचा हिशेब पिल्लांच्या संख्येवर न करता, शेवटच्या आठवड्यात तेवढ्या जमिनीवर एकूण किती किलो वजन असणार आहे, यावर करायला हवा. युरोपीय संघाच्या २००७ च्या निर्देशात तो असाच केलेला आहे : सर्वसाधारण मर्यादा प्रति चौरस मीटर ३३ किलो. त्याहून दाट पक्षी ठेवायचे असतील, तर पक्ष्यांच्या डोक्याच्या उंचीवर हवेतील अमोनिया २० पीपीएमच्या (दहा लाख भागांत २० भाग) वर जाता कामा नये, अशी अट आहे. म्हणजे किती पक्षी मावतात हे केवळ जमीन ठरवत नाही, हवाही ठरवते. परसातल्या शेडला पंखे नसतात, तापमान राखणारी यंत्रणा नसते. तेव्हा मोठ्या बंदिस्त फार्मचे माप तिथे जसेच्या तसे वापरणे चूक आहे. माझ्या मते परसात प्रति पक्षी दीड चौरस फूट ही किमान जागा धरावी आणि उन्हाळ्यात वा पक्षी २ किलोच्या पुढे वाढवायचे असल्यास २ चौरस फूट. पन्नास पक्ष्यांना १० बाय १० फुटांची खोली ऐसपैस वाटेल, पण सहाव्या आठवड्यात ती तशी वाटत नाही.

सुरुवातीला मात्र उलट करावे लागते. पहिल्या आठवड्यात पिल्लांना ३२ ते ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते आणि पुढे दर आठवड्याला ती सुमारे ३ अंशांनी कमी करत न्यायची असते. एवढी ऊब मोठ्या उघड्या जागेत टिकत नाही. म्हणून शेडचा एक भाग पत्र्याच्या किंवा पुठ्ठ्याच्या गोल कड्याने अडवून प्रति पिल्लू अर्धा चौरस फूट जागा द्यावी आणि पिल्ले वाढतील तसे कडे मागे सरकवावे. कडे गोलच असावे, कारण कोपरा मिळाला की गारठलेली पिल्ले तिथे एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरून मरतात.

जागेच्या खालोखाल महत्त्वाची गोष्ट म्हणजे गादी. भाताचे तूस किंवा लाकडाचा कोरडा भुसा दोन-तीन इंच पसरला की काम झाले, असे समजले जाते. वास्तविक तिथून काम सुरू होते. पक्षी जेवढे खाद्य खातो, त्याच्या सुमारे दुप्पट पाणी पितो आणि त्यातले बरेचसे विष्ठेवाटे गादीत उतरते. गादीची पारख करायला उपकरण लागत नाही. मूठभर तूस घट्ट दाबून मूठ उघडावी : गोळा तसाच राहिला तर गादी ओली, सगळे भुरभुरत निसटले तर फार कोरडी आणि गोळा होऊन लगेच फुटला तर ठीक. ओल्या गादीत रक्ती हगवणीचे जंतू बळावतात आणि अमोनिया सुटतो. तो आपल्याला उभ्याने जाणवेलच असे नाही. खाली बसून, पक्ष्याच्या उंचीवर नाक नेऊन वास घ्यावा. डोळे चुरचुरले, तर पक्षी ते रात्रंदिवस सोसत आहेत असे समजावे.

थंडीच्या भीतीने रात्री सगळे पडदे खालपासून वरपर्यंत घट्ट बांधणे हीदेखील सार्वत्रिक चूक आहे. पक्ष्यांच्या श्वासातली वाफ मग आतच कोंडते आणि गादी ओली होते. छपराखालची फूटभर फट कायम उघडी असावी. भिंत फूट-दीड फूट उंच आणि त्यावर जाळी, छपराचे पाखे पुरेसे बाहेर काढलेले आणि उष्ण हवामानात शेडची लांबी पूर्व-पश्चिम, एवढे पाळले की ऊन-पावसाचा बराचसा प्रश्न सुटतो. कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसतात. ती धापा टाकूनच अंग गार करते, आणि दाटीत बसलेल्या जड पक्ष्याला तेही नीट जमत नाही. उंचीत काटकसर करू नये. ज्या खुराड्यात माणूस उभा राहू शकत नाही, ते वेळेवर साफ होत नाही, हा माझा अनुभव आहे.

षटकोनी कोंबडजाळी पक्ष्यांना आत ठेवते, पण मुंगसाला, उंदराला बाहेर ठेवत नाही. निदान खालच्या दोन फुटांत अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी लावून ती फूटभर जमिनीत गाडावी. दांड्यांवर मात्र खर्च करू नये : जड ब्रॉयलर दांडीवर बसला तर त्याच्या छातीवर फोड येतात आणि उतरताना पाय दुखावतो. अंड्यांच्या खोक्यांचा तर प्रश्नच येत नाही.

जागा कमीच असेल, तर पक्षी दाटीने भरण्यापेक्षा निम्मी निम्मी पिल्ले दोन खेपांत घ्यावीत. पहिली खेप पूर्ण निघाल्यावर गादी काढून शेड धुवावी, दोन आठवडे कोरडी पडू द्यावी आणि मगच दुसरी आणावी. लहान-मोठे पक्षी एकाच जाळीत ठेवून जागा वाचवणे हा त्यावरचा उपाय नव्हे. त्यात मोठ्यांचा रोग लहानांना लागतो आणि शेड कधीच रिकामी होत नाही.

आपला,
एक कुक्कुटपालक वाचक