नवी सायकल नीट जोडा, मगच मुलांच्या हाती द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जून आला की खान्देशात सायकलींच्या दुकानांपुढे खोकी येऊन पडतात. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलीसाठी मदत मिळते, तीही खरेदी याच दिवसांतली. घाईघाईत सायकल जोडून बाहेर काढली जाते आणि महिनाभरात ‘माल खराब निघाला’ अशी ओरड होते. खरे तर नव्या सायकलीच्या बऱ्याच तक्रारी मालाच्या नसतातच, जोडणीच्या असतात.

सर्वांत महागात पडते ती पेडलची चूक. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. पेडलच्या दांडीच्या टोकावर एल (डावे) किंवा आर (उजवे) कोरलेले असते, ते पाहून, आट्यांना ग्रीस लावून पहिले तीन-चार फेरे हातानेच द्यावेत. हाताने जात नसेल तर पेडल दुसऱ्या बाजूचे आहे किंवा तिरके लागले आहे. तिथे पान्याने जबरदस्ती केली की पेडलचे पोलाद क्रँकचे, म्हणजे पेडल ज्या दांड्यात बसते त्याचे, आटे कापत आत शिरते. वरून घट्ट दिसते, पण काही दिवसांत डुगडुगू लागते आणि ऐन चढावर निखळते. मग नुसते पेडल बदलून भागत नाही, क्रँकच टाकावा लागतो. पाना वरच्या बाजूने पुढच्या चाकाकडे फिरवला की दोन्ही पेडल आवळतात, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. शेवटचा आवळ 15 नंबरच्या पान्यावर, वीतभर अंतरावरून, साधारण वीस किलोच्या जोराने द्यावा.

साध्या काळ्या सायकलीला दोन्ही बाजूंना कॉटर पिन, म्हणजे क्रँक मधल्या धुरीवर पक्का धरणारी खीळ, असते. एकीचा नट वर असेल तर दुसरीचा खाली हवा. दोन्ही एकाच दिशेने घातल्या तर पेडल समोरासमोर येत नाहीत. पिन हातोडीने बसवायची, नट फिरवून ओढून घ्यायची नाही, नाहीतर तिचे आटे जातात. ठोकताना क्रँकखाली जाड लोखंडी नळी उभी टेकवावी. आधार नसला तर घाव थेट धुरीच्या बेअरिंगचे छर्रे आणि वाटीवर बसतो, आणि ती कटकट पुढे कायमची मागे लागते.

चिमटा (पुढचे चाक धरणारा दुपाखी फोर्क) उलटा बसवलेल्या नव्या सायकली अजूनही रस्त्यावर दिसतात, याचे नवल वाटते. चिमट्याचा बाक पुढेच हवा. उलट असेल तर वळताना पाय पुढच्या चाकाला घासतो. हँडलच्या दांड्यावर एक आडवी खूण असते, ती बाहेर दिसता कामा नये. उंच मुलासाठी दांडा त्याहून वर ओढला की आतली पकड कमी पडते आणि तो मोडू किंवा निसटू शकतो. आवळून झाल्यावर पुढचे चाक दोन्ही गुडघ्यांत धरून हँडल जोराने फिरवून पाहावे. जागचे हलले तर आणखी आवळावे.

चांदसैली किंवा तोरणमाळच्या घाटात ब्रेकवरच सगळी भिस्त. जोडताना रिमला ग्रीसचा हात लागतोच, तो पुसून काढावा. रबर रिमपासून दोनेक मिलिमीटरवर असावे, टायरला लागू नये. पत्र्याच्या खोबणीतल्या रबराची बंद बाजू पुढे हवी. उघडी बाजू पुढे राहिली तर जोरात ब्रेक दाबल्यावर फिरती रिम रबर पुढे ओढून बाहेर काढते आणि ब्रेक रिकामा होतो. चेनची दोन टोके जोडणाऱ्या लॉकचेही असेच, पण त्याची बंद बाजू चेन ज्या दिशेने पळते तिकडे असावी. चेनला मधोमध अर्धा इंच ढिल पुरे.

आता टायर. मे महिन्यात भुसावळ-जळगावचे ऊन आठवून लोक म्हणतात, उन्हाने ट्यूब फुटली. हिशेब पाहा : सकाळी 25 अंशाला 45 पौंड हवा भरली आणि दुपारी टायर 45 अंशांवर गेला, तर दाब वाढतो जेमतेम 4 पौंड. तेवढ्याने चांगली ट्यूब फुटत नाही. ती फुटते टायरच्या कडेखाली चिमटल्याने, तारांची टोके झाकणारी रिम टेप न घातल्याने, किंवा पंपावर मोजमाप न करता हवा कोंबल्याने. टायर चढवण्याआधी ट्यूबमध्ये गोलाई येण्यापुरती थोडी हवा भरावी, मग दोन्ही बाजूंनी कडा दाबून ट्यूब कुठे डोकावत नाही ना ते पाहावे. पूर्ण हवा टायरवर छापलेल्या आकड्याच्या आतच.

एवढे करूनही पहिल्या पंधरवड्यात तारा बसतात, कॉटर पिना आणि चाकांचे नट ढिले पडतात. चाक आऊट होते, म्हणजे डगमगत फिरते, ते याच काळात. म्हणून दुकानदारांनी बिलावरच पंधरा दिवसांनंतरच्या फेरतपासणीची तारीख लिहून द्यावी आणि त्या दिवशी तारा, कॉटर, नट, ब्रेक पुन्हा आवळून द्यावेत. अर्ध्या तासाचे काम आहे, त्याचे वेगळे पैसे घेऊ नयेत. शाळांनीही सायकल वाटपाच्या दिवशी फोटोआधी एखादा जाणता कारागीर बोलावून प्रत्येक सायकलीचे पेडल, हँडल आणि ब्रेक तपासून घ्यावेत.

आपले,
सायकल जोडणी व दुरुस्ती करणारे कारागीर,
जळगाव