लकव्यानंतरच्या ‘मेंदूच्या गोळ्या’: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

माझे सासरे, आबा, एसटीत कंडक्टर होते. सातारा-वाई मार्गाचे थांबे झोपेतून उठवून विचारले तरी घडाघडा सांगायचे. मागच्या वर्षी लकवा मारला. हात बराचसा सावरला, आठवण नाही. लिंब फाटा, आनेवाडी म्हणतात आणि माझ्या तोंडाकडे बघत राहतात.

डिस्चार्जच्या कागदावर सगळ्यात महाग औषध होतं सिटिकोलीन, ‘मेंदूच्या ताकदीसाठी’. आठ महिने दिलं. मग फार्मसी शिकणाऱ्या पुतण्याने ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातली २०१२ची चाचणी दाखवली. २,२९८ रुग्ण, निम्म्यांना हे औषध, निम्म्यांना नुसती दिखाऊ गोळी. तीन महिन्यांनी दोघांत फरक नाही. लकव्यानंतर सावरायला म्हणून दिलं जाणारं दुसरं औषध फ्लुओक्सेटिन, मूळचं नैराश्यावरचं, त्याचं तर त्याहून वाईट. ब्रिटनमध्ये ३,१२७ रुग्णांवर तपासलं, फायदा दिसला नाही, हाडं मोडण्याचं प्रमाण मात्र वाढलं. डॉक्टरांवर राग नाही. ‘काहीतरी द्या हो’ म्हणून आम्हीच मागे लागतो.

मेंदू वाचवणारं औषध आहे, पण ते घड्याळावर चालतं. मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांत द्यावं लागतं, तेही सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही हे बघून. आबांची ती दुपार गावातल्या दवाखान्यात सलाईनखाली गेली.

नंतरची राखण म्हणजे पुन्हा झटका येऊ नये म्हणून घ्यायची बीपीची साधी गोळी. पहिल्या झटक्यानंतर दहांत सुमारे एकाला स्मृतिभ्रंश होतो, पुन्हा झटका आला तर तिघांत एकाहून जास्त जणांना. आणि हीच गोळी आमच्या आरोग्य केंद्रात दोनदा संपलेली!

तेव्हा साहेब, लकव्यानंतर कुठल्या औषधाचा उपयोग सिद्ध झालाय आणि कुठल्याचा नाही, एवढं एका पानावर सोप्या मराठीत लिहून डिस्चार्जच्या कागदाला जोडायला सांगा. बीपीच्या गोळ्यांचा साठा संपू देऊ नका.

आणखी एक. आबांना आम्ही महिन्यातून दोनदा पुण्याला स्पीच थेरपिस्टकडे नेतो. त्या बाई त्यांच्याकडून थांबेच म्हणवून घेतात. गाडीभाडं धरून दिवस मोडतो, पण परवा आबा उडताऱ्यापर्यंत पोचले. असा थेरपिस्ट आठवड्यातून एक दिवस तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात बसवता येईल का?

उत्तराची वाट पाहते.

आपली,
लकवा झालेल्या एका कंडक्टरची सून, ता. वाई