आधी मूल बघा, साथ नंतर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि कोकणातल्या वाड्यांवर मूल आजारी पडले की घरात पहिला प्रश्न निघू लागला, 'कोरोना तर नसेल?' या एका प्रश्नाच्या पोटात आणखी चार होते. तपासणी झाली तर वाडी बंद करतील का, शाळेत विलगीकरणात ठेवतील का, आईला सोबत राहू देतील का, आणि दवाखान्यातूनच आजार घरी आला तर? मुंबईत अडकलेल्या वडिलांना फोन लागेपर्यंत संध्याकाळ व्हायची, मग गाडी मिळायची नाही. आईबापांची ही भीती अडाणीपणाची नव्हती, तिला खरी कारणे होती. पण मूल आज न्यायचे की उद्या, हे ठरवायला या प्रश्नांचा उपयोग नव्हता. कोविडचा आजार बहुतेक मुलांत सौम्यच राहिला. न्यूमोनिया, जुलाब, डेंग्यू, लेप्टो (उंदरांच्या मूत्रातून पसरणारा ताप), विंचू आणि साप मात्र साथ आहे म्हणून थांबत नाहीत. म्हणून आमचे सांगणे एवढेच, की आजाराचे नाव शोधत बसू नका, मुलाचा श्वास, पिणे आणि शुद्ध बघा.

श्वास मोजणे कोणत्याही आईला जमते. मूल शांत किंवा झोपलेले असताना, अंगावर पीत नसताना, झबले वर करून पोटाची हालचाल उजेडात पूर्ण एक मिनिट मोजावी. दोन महिन्यांखालील बाळात ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षांत ४० किंवा अधिक श्वास म्हणजे त्याच दिवशी दवाखाना. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणू नये. लहान बाळाचा श्वास एकसारखा चालत नाही, त्यामुळे दोनाची चूक आठाची होते. तान्ह्या बाळाचा आकडा ६० वर आला तर लगेच एकदा पुन्हा मोजावा, आणि तेवढाच आला तर निघावे. मोठ्या मुलात ताप चढला असताना आकडा फुगतो, तेव्हा ताप उतरल्यावर पुन्हा मोजावा. मात्र पोट उडत असेल, श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल किंवा मूल कण्हत असेल, तर मोजण्यात वेळ घालवू नये.

मूल अंगावर ओढत नाही, पाणी पीत नाही, प्यायलेले सगळे उलटते, झटका येतो, हाक मारली तरी ग्लानीतून उठत नाही, यांतले एकही दिसले तर रात्र असली तरी निघायचे. दोन महिन्यांखालील बाळाच्या काखेत ३७.५ अंश सेल्सिअस, म्हणजे ९९.५ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप असणे, किंवा अंग गार पडणे, हेही तितकेच गंभीर. अशा बाळाला घरी औषध देऊन वाट पाहू नये.

साथीत घरोघरी ऑक्सिमीटर, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन मोजणारी बोटावरची क्लिप, आले. मोठ्यांसाठीची ती क्लिप बाळाच्या बोटावर सैल बसते, हात गार असले किंवा मूल हलले की आकडा भरकटतो. पायाच्या अंगठ्याला लावून, मूल शांत करून, आकडा स्थिर झाल्यावर वाचावा. ९४ च्या खाली असेल तर निघावे. ९८ आला म्हणून उडणाऱ्या पोटाकडे दुर्लक्ष करण्याची चूक मात्र फार महागात पडते.

घरच्या औषधात सर्वांत जास्त घोटाळा पॅरासिटामॉलचा होतो. मात्रा वजनावर ठरते. दर किलोला १५ मिलिग्रॅमपर्यंत, दोन मात्रांत किमान चार ते सहा तास, २४ तासांत चारांहून जास्त नाही. दहा किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅम, म्हणजे १०० मिलिग्रॅम प्रति मिली असलेले थेंब १.५ मिली, १२० प्रति ५ मिलीचे सिरप सुमारे ६ मिली, आणि २५० प्रति ५ मिलीचे सिरप ३ मिली. थेंबांच्या बाटलीतले औषध सिरप समजून चमचाभर, म्हणजे ५ मिली दिले, तर ५०० मिलिग्रॅम पोटात जाते. तेव्हा बाटलीवरचा आकडा दर वेळी वाचावा. मोठ्या माणसाला कोविडमध्ये दिलेल्या उरलेल्या गोळ्या, विशेषतः स्टिरॉइड, मुलाला तोडून देऊ नयेत.

जुलाबात ओआरएसचे (जलसंजीवनीचे) मोठे पाकीट पूर्ण एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात कालवावे. अर्धे पाकीट पेलाभर पाण्यात टाकले तर मीठ जास्त होऊन अपाय होतो. दर जुलाबानंतर दोन वर्षांखालील मुलाला ५० ते १०० मिली, त्याहून मोठ्याला १०० ते २०० मिली, चमच्याचमच्याने द्यावे. उरलेले २४ तासांनी टाकावे. सहा महिन्यांवरील मुलाला झिंक २० मिलिग्रॅम रोज, जुलाब थांबले तरी पूर्ण १४ दिवस. सहा-आठ तास लघवी नाही, डोळे खोल गेले, तर घरी थांबू नये.

डेंग्यूत ताप उतरला की घरात सगळे निर्धास्त होतात. पण धोक्याचा काळ बहुधा तेव्हाच सुरू होतो. ताप उतरताना पोटात दुखू लागले, उलट्या थांबेनात, हातपाय गार पडले, हिरड्यांतून रक्त आले, तर ती कोविडची भीती बाळगायची वेळ नव्हे. याउलट, घरात कोविड होऊन गेल्यावर दोन ते सहा आठवड्यांनी मुलाला तीन दिवसांहून जास्त ताप, लाल डोळे, अंगावर पुरळ, पोटदुखी अशी लक्षणे दिसली, तर घरातल्या त्या जुन्या आजाराची माहिती डॉक्टरांना अवश्य द्यावी. बदनामीपायी ती लपवली तर निदान चुकते.

लाल विंचू चावला की मूल वेदनेने रडतेच असे नाही. दरदरून घाम, उलट्या, गार हातपाय ही खरी खूण. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या गोळीचा उपयोग दाखवून दिल्यापासून वेळेत पोचलेली असंख्य मुले वाचली. तो वेळ मांत्रिकाकडे किंवा टाळेबंदीतल्यासारखा प्रवासाच्या पाससाठी रांगेत जाऊ नये.

रेंज नसलेल्या वाडीतून व्हिडिओ कॉल तुटतो, हा नेहमीचा अनुभव. त्यापेक्षा मुलाच्या उघड्या छाती-पोटाचा एक मिनिटाचा व्हिडिओ दिवसाउजेडी काढावा आणि रेंज आली की आशाताईंना किंवा डॉक्टरांना पाठवावा. सोबत वजन, तापाची वेळ, शेवटची लघवी कधी झाली, कोणते औषध किती दिले, हे लिहावे. एवढी माहिती नसेल तर फोनवरचा सल्ला अंदाजाचाच राहतो.

आता प्रशासनाकडे मागणी. पुढची साथ येण्याआधीच प्राथमिक आरोग्य केंद्रात मुलांसाठी वेगळी वेळ आणि वेगळे दार ठरवावे. 'आई मुलासोबतच राहील' आणि 'आधी उपचार, मग तपासणी' हे दोन निर्णय ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावेत. आमच्या मते ज्या भीतीने पाय अडतो, ती यानेच सर्वाधिक कमी होईल. सिंधुदुर्गातली गंभीर मुले गोव्यातल्या बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात जातात, रत्नागिरीतली आंबा घाटाने कोल्हापूरला. जिल्ह्याच्या किंवा राज्याच्या नाक्यावर वैद्यकीय अधिकाऱ्याची चिठ्ठी फोनवर दाखवली तरी गाडी सुटली पाहिजे. १०८ च्या रुग्णवाहिकेला फोन करावाच, पण दूरच्या वाडीपर्यंत तिला वेळ लागतो. म्हणून रात्री निघतील अशा दोन गाडीवाल्यांचे नंबर, आणि भाडे कोण देणार ते, रेशन दुकानात लिहून ठेवावे. घरातही वडील नसताना निर्णय आईचाच, हे मुंबईच्या फोनची वाट न बघता आजच ठरवून टाकावे.

लसीकरणाची चुकलेली सत्रे ही वेगळीच चिंता. २०२२ च्या अखेरीस मुंबई, भिवंडी, मालेगावात गोवर उसळला. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा १६ ते २४ महिन्यांत. उशीर झाला म्हणून लसीकरण पहिल्यापासून सुरू करावे लागत नाही, जिथे राहिले तिथून पुढे चालते. कार्ड पावसात भिजते, तेव्हा ते प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावे आणि त्याचा फोटो आईच्या फोनमध्ये असू द्यावा.

आपले,
एक बालरोगतज्ज्ञ आणि दोन आरोग्यसेविका, जि. रत्नागिरी