त्सुंगच्या भोकात डोकाव

प्रिय विनायक,

सप्रेम नमस्कार.

चीनमधल्या हांगझोउला निघालास हे वाचून बरं वाटलं. तिथे लियांगजू या अश्मयुगीन संस्कृतीच्या जेडच्या कोरीव वस्तू बघशीलच. त्सुंग म्हणजे बाहेरून चौकोनी, आतून गोल, आरपार भोक असलेला ठोकळा. त्यावरचे चेहरे सगळेच बघतात. तू आधी भोकात डोकाव.

हे जेड म्हणजे नेफ्राइट नावाचा दगड. मोहस मापावर (१ ते १०) कठीणपणा ६ ते ६.५, आणि आतले तंतू एकमेकांत असे गुंतलेले की ठोकून सहजी कपचा निघत नाही. इ.स.पू. ३३०० ते २३०० च्या त्या लोकांकडे धातूची हत्यारंही नव्हती. त्यामुळे दगड कापला नाही, झिजवला. झिजवणारी खरी ओली वाळू. तिच्यातलं क्वार्ट्झ ७ कठीणपणाचं. दोरी किंवा पातळ पट्टी फक्त ती वाळू पुढे-मागे ओढते. दोरी वाकते, म्हणून तिचे ओरखडे कमानीसारखे वळतात. पट्टीचे सरळ जातात. 'बी' म्हणजे मध्ये भोक असलेली जेडची तबकडी; तिच्यावर अशी कमान राहून गेलेली दिसली, तर जाडी कडेला कमी-जास्त का झाली तेही कळेल.

भोक पोकळ नळीने, बहुधा बांबूच्या, दोन्ही बाजूंनी पाडत. वाळूबरोबर नळीही झिजते, म्हणून भोक तोंडाशी रुंद, आत निमुळतं. दोन्हीकडचे मध्य नेमके जुळले नाहीत की मधोमध पायरी राहते. काही कारागिरांनी ती घासून काढली, काहींनी तशीच ठेवली. मला तर ती पायरी चेहऱ्याइतकीच मोलाची वाटते, कारण काम दोन्हीकडून झालं याची ती साक्ष आहे.

फानशान या लियांगजू दफनभूमीतल्या १२ क्रमांकाच्या थडग्यातला त्सुंग मात्र सावकाश बघ. वजन सुमारे ६.५ किलो, उंची जेमतेम ९ सेंमी. पिसांचा मुकुट घातलेला माणूस आणि त्याच्याखाली मोठ्या गोल डोळ्यांचा पशू, एवढं सगळं तीन-चार सेंटिमीटरांत! तिथे वाळू चालत नाही. कठीण दगडाच्या टोकाने हातानेच रेघा ओढल्यात. भिंगातून बघितलं की लांब वाटणारी रेघ छोट्या-छोट्या ओरखड्यांची जोडलेली निघते.

आणि उंच त्सुंग वर रुंद, खाली अरुंद असतो, हे लक्षात ठेव. अठराव्या शतकातल्या छ्यानलोंग या चिनी बादशहाने अशाच एकावर कविता कोरून घेतली, ती चेहरे उलटे धरून.

तुझा,
मधू