खुले पत्र : ठेंगडींचं नाव पाटीवर, जिनातला मजूर विम्याबाहेर

माननीय केंद्रीय श्रम व रोजगार मंत्री,
श्रमशक्ती भवन, नवी दिल्ली यांस,

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, आपल्या मंत्रालयाच्या एका मंडळाला आमच्या भागातल्या माणसाचं नाव आहे. १९५८ साली ते केंद्रीय श्रमिक शिक्षण मंडळ म्हणून सुरू झालं, मुख्यालय नागपूरला. आता त्याच्या पाटीवर भारतीय मजदूर संघ या कामगार संघटनेचे संस्थापक दत्तोपंत ठेंगडी यांचं नाव लागलं आहे. ठेंगडींचा जन्म वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीचा, १० नोव्हेंबर १९२० चा. मी त्याच तालुक्यातला, जिनिंग-प्रेसिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधणाऱ्या जिनात काम करणारा मजूर. आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढं गैरसमज नको : मी लाल बावट्याच्या युनियनचा सभासद आहे. ठेंगडींचा भगवा आमच्या घरावर कधी लागला नाही आणि लागेल असं वाटत नाही.

तरीही त्यांच्या नावानं हे पत्र लिहितोय, कारण त्यांचं चरित्र आपल्याकडचे लोक जेवढं भाषणात वापरतात तेवढं वाचत नाहीत.

आर्वीच्या वकिलाचा हा मुलगा. नागपुरात शिकला, कायद्याची पदवी घेतली, १९४२ मध्ये संघाचा प्रचारक म्हणून केरळात गेला. पुढं कामगारांत काम करायचं ठरलं तेव्हा त्यांनी काय केलं? थेट काँग्रेसच्या इंटक या कामगार संघटनेत शिरले. त्या वेळच्या मध्य प्रदेशात तिथले पदाधिकारी झाले. मागणीपत्र कसं लिहायचं, वाटाघाटीला कोणाला बसवायचं, कोणाला बाहेर ठेवायचं, हे सगळं तिथं शिकले. बँक कर्मचाऱ्यांच्या ज्या संघटनेत कम्युनिस्टांचं वजन होतं तिथंही वावरले. आजच्या पुढाऱ्यांना दुसऱ्याच्या मांडवात चहा प्यायचा म्हटलं तरी आधी फोन करून विचारावं लागतं. ठेंगडी विरोधकाच्या घरी जाऊन धंदा शिकून आले.

मग २३ जुलै १९५५, टिळक जयंतीचा दिवस, भोपाळ. भारतीय मजदूर संघ स्थापन झाला तो कोऱ्या पाटीवर. इतर मध्यवर्ती संघटना आधीच्या युनियन फोडून किंवा जोडून उभ्या राहिल्या, यांच्याकडं फोडायलाही काही नव्हतं. पहिलं अखिल भारतीय अधिवेशन भरायला १९६७ साल उजाडलं. एवढी वर्षं हा माणूस कार्यकर्त्यांना धरून गावोगाव युनियन नोंदवत होता. १९६४ ते १९७६ राज्यसभेत होते, पण मंत्रिपदाकडं फिरकले नाहीत. १९८९ च्या सभासद पडताळणीत मजदूर संघ देशात पहिल्या क्रमांकावर आला. आमच्या लोकांना ते आकडे झोंबले होते आणि बऱ्याच जणांना अजून झोंबतात.

भांडण आमचं खरं आहे. ते १ मे मानत नसत, विश्वकर्मा जयंती मानत. मालक आणि मजूर मिळून एक औद्योगिक परिवार होतो, अशी त्यांची मांडणी. जिनात इतके हंगाम काढले, तो परिवार मला अजून भेटलेला नाही. हिशेबाच्या दिवशी तर मुळीच नाही. आमचा पुढारी म्हणाल तर नागपूरचेच ए. बी. बर्धन. १९५७ ला अपक्ष म्हणून विधानसभेवर निवडून आलेले, पुढं आयटक या लाल बावट्याच्या कामगार संघटनेचे आणि मग भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस झालेले. वयात ठेंगडींपेक्षा चार वर्षांनी लहान. एकाच शहरात घडलेली, दोन टोकांच्या झेंड्यांची ही दोन माणसं. १९२९ मध्ये याच नागपुरात आयटकचं अधिवेशन नेहरूंच्या अध्यक्षतेखाली भरलं आणि तिथंच संघटना फुटली, ना. म. जोशी आणि व्ही. व्ही. गिरी बाहेर पडले. म्हणजे युनियनवाल्यांनी एकमेकांशी भांडायची आमच्याकडं परंपरा जुनी आहे, आणि मी काही ती मोडायला निघालेलो नाही.

पण २००१ सालचं मला आपल्याला मुद्दाम आठवून द्यायचं आहे. त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात यशवंत सिन्हा यांनी सांगितलं की कारखाना बंद करायला किंवा मजूर कमी करायला सरकारची परवानगी लागते ती शंभर मजुरांची अट हजारावर न्यायची. सरकार वाजपेयींचं. ठेंगडींच्याच परिवारातलं. ठेंगडी तेव्हा ऐंशीच्या घरात. गप्प बसले असते तर कोणी बोट दाखवलं नसतं. एप्रिलमध्ये दिल्लीच्या रामलीला मैदानावर मजदूर संघानं प्रचंड मोर्चा आणला आणि ठेंगडींनी स्वतःच्या माणसांच्या सरकारला, नाव घेऊन, झोडपलं. मजदूर संघ कोणत्याही पक्षाला बांधलेला नाही असं ते आयुष्यभर म्हणत आले होते. त्यावर कुत्सित हसणारे आमच्यात पुष्कळ होते, त्यांना त्या दिवशी उत्तर मिळालं. दोन वर्षांनी पद्मभूषण देऊ केलं, तेही घेतलं नाही. १४ ऑक्टोबर २००४ ला ते गेले.

ती हजाराची अट तेव्हा झाली नाही. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत ती तीनशे झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून आपण चारही कामगार संहिता लागू केल्यात. आता तीनशेवरून भांडायचं तर भांडू, पण मोठ्या कारखान्यांचं ते भांडण लढायला मोठ्या संघटना आहेत. आमच्या जिनात तीनशे माणूस कधी नव्हतंच. माझं म्हणणं एका बारीक कलमाबद्दल आहे, ज्यावर कोणीच मोर्चा काढत नाही.

कर्मचारी राज्य विम्याचा कायदा १९४८ चा. तो लागू होता कारखान्यांना, फक्त 'हंगामी कारखाने' सोडून. हंगामी म्हणजे कोणते, तर यादी वाचावी : कापसातून सरकी काढणं, कापूस किंवा ताग दाबून गाठी बांधणं, मग भुईमुगाच्या शेंगा फोडणं, कॉफी, नीळ, लाख, रबर, साखर, चहा. नीळ! चंपारण्याला गांधीजी गेले त्या काळचं पीक यादीत बसलं आहे, आणि त्या यादीत पहिला नंबर आमचा. २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता आली, नऊ जुने कायदे त्यात मिसळले, अ‍ॅपवरून काम करणाऱ्या गिग कामगाराचं नाव पहिल्यांदा कायद्यात आलं (चांगलंच झालं), पण दहा किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना विमा लावताना 'हंगामी कारखाने वगळून' हे शब्द तसेच पुढं आले.

ते शब्द का आले असतील हे मला कळतं. अठ्ठेचाळीस साली जिन दिवाळीनंतर सुरू व्हायचे आणि होळीच्या आसपास थांबायचे, मजूर परत शेतावर. वर्गणी कोणाकडून घ्यायची आणि दवाखाना कोणाला द्यायचा, हा प्रश्न होता. आज मात्र मजुराचा भविष्य निर्वाह निधी खाते क्रमांकासकट एका जिनातून दुसऱ्या जिनात जातो, आधार जोडलेलं असतं, बांधकामावरचा मजूर महिन्याला साइट बदलतो तरी त्याची नोंद होते. मग कापसातल्या मजुराचंच काय अडतं?

हिशेब मांडतो. महिन्याची मजुरी बारा हजार धरू. विम्याची वर्गणी मजुराची पाऊण टक्का, म्हणजे ९० रुपये. मालकाची सव्वातीन टक्के, म्हणजे ३९० रुपये. एका गाठीत १७० किलो रुई असते. तिच्या भावात ३९० रुपये शोधायला भिंग लागेल. याच्या बदल्यात मजुराला आणि घरच्यांना उपचार, आजारपणाच्या दिवसांचा पगार, बाईला बाळंतपणाची रजा. जिनात रेच्यावर, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रावर, कापूस टाकायला बहुतेक बायाच असतात. दिवसभर हवेत तंतू उडत राहतात, तोंडाला रुमाल बांधला तरी रात्री खोकला येतोच. पट्ट्यात बोट जातं, पदर अडकतो, आणि रुईला आग लागली तर विझवायला वेळ नसतो, पळायला असतो. अपघाताची भरपाई मागायचा कायदा आहे, मान्य. पण भरपाई मिळते ती तारखा करून. त्या रात्री नागपूरच्या दवाखान्यात नेताना पैसे लागतात ते मुकादमाकडून उचल म्हणून घ्यावे लागतात, आणि ती उचल पुढच्या हंगामात फेडली जाते. आमच्या ओळखीच्या घरात ही उचल अजून फिटलेली नाही.

ग्रॅच्युइटीचंही असंच. बारमाही कामगाराला वर्षामागं पंधरा दिवसांची, आम्हाला हंगामामागं सात दिवसांची. चला, सात तर सात. पण ठेकेदार दर हंगामात नाव बदलतो, जिन तोच, रेचे तेच, फिटर तोच, बायाही त्याच. कागदावर मात्र दरवर्षी आम्ही नवीन. नियुक्तिपत्र प्रत्येकाला दिलंच पाहिजे असं आपल्या संहितेत आहे. आर्वी ते पुलगाव पट्ट्यात एका तरी बाईच्या पेटीत ते सापडेल का, हे आपल्या निरीक्षकानं येऊन बघावं. आणि एक्कावन्न टक्के सभासद असलेली युनियन वाटाघाटी करेल, हा नियम वाचून तर आमच्या मुकादमाला आनंदच झाला असेल. कोणाचे एक्कावन्न टक्के? हजेरीपटावर आज वीस नावं, प्रेस चालू झाली की चाळीस, गाडी नाही आली तर आठ.

ठेंगडी असते तर काय म्हणाले असते, हे मी सांगणार नाही. ते सांगण्याचा ठेका आपल्याकडं आणि आपल्या संघटनेकडं आहे. मी फक्त त्यांनी काय केलं तेवढं लिहिलं. शून्य सभासदांपासून सुरुवात करणाऱ्या माणसाचं नाव ज्या मंडळाला आहे, ते मंडळ आर्वीपासून शंभरेक किलोमीटरवरच्या नागपुरात सुरू झालं. कामगाराला त्याचा कायदा शिकवणं हेच त्याचं काम, आणि खेड्यातल्या मजुरांसाठी शिबिरं घेण्याची त्याची जुनी पद्धत आहे. पुलगावची कापड गिरणी बंद, हिंगणघाटच्या जुन्या गिरण्यांचीही तीच गत. या जिल्ह्यात कापसावर पोट असलेला कारखान्यातला मजूर उरला असेल तर तो आता बहुतेक जिनातच आहे.

म्हणून मागणी सरळ आहे. सामाजिक सुरक्षा संहितेतून विम्यासाठीची 'हंगामी कारखाने वगळून' ही सूट कापूस जिनिंग आणि प्रेसिंगपुरती तरी काढा. सगळे जिन एकदम घ्यायचे नसतील तर वर्धा, यवतमाळ, अमरावती या तीन जिल्ह्यांपासून सुरू करा. तोवर ठेंगडी मंडळाचे शिक्षक जिनांत पाठवा, मराठी बोलणारे. नियुक्तिपत्र कसं मागायचं, हंगामाची हजेरी स्वतःजवळ कशी लिहून ठेवायची, सात दिवसांचा हिशेब कसा करायचा, युनियन नोंदवायला सात माणसं कशी जमवायची, एवढंच शिकवा. झेंडा कोणता हे त्यांनी विचारू नये, आम्हीही विचारणार नाही.

शिबिर बाजार समितीच्या सभागृहात ठेवू नका, तिथं अडते आणि पुढारीच पुढच्या खुर्च्या धरतात. जिनाच्या फाटकाशी ठेवा, पाळी बदलते त्या वेळेला. आणि दिवाळीनंतर लगेच, उलंगवाडीच्या, म्हणजे कापसाची वेचणी संपायच्या, आधी या. नंतर बाया तुरीच्या कामाला नाहीतर माहेरी गेलेल्या असतात, आणि फाटकावर चौकीदार सोडून आपल्याला कोणी भेटणार नाही.

आपला,
एक जिनकामगार
आर्वी तालुका, जि. वर्धा