ऑस्टिनच्या कोर्टात दावा लावण्याआधी

सातारा

चि. सौ. मृणाल हिस,
आईचे अनेक आशीर्वाद.

न्यू जर्सीतल्या एडिसनहून टेक्सासच्या ऑस्टिनला घर हलवताना तुमचं सामान मोडलं, त्यासाठी मूव्हर्स कंपनीवर लावायच्या दाव्याचा तू पाठवलेला मसुदा वाचला. बाबांनीही वाचायला घेतला आणि थोड्याच वेळात, "या मूव्हर्सवाल्यांना चौकात उभं केलं पाहिजे," असं म्हणून चष्मा काढून ठेवला. मसुद्याचं दुखणं तेच आहे. वाचणाऱ्याचं डोकं तापतं, पण कोर्टाकडे नेमकं मागितलंय काय ते हाती लागत नाही.

वकील न लावता तू स्वतः उभी राहणार, याला माझी हरकत नाही. बेंच क्लार्कच्या खुर्चीवरून मी असे पक्षकार पुष्कळ पाहिले. काही जण कागदांच्या पिशव्या घेऊन वर्षानुवर्षं तारखांना येत राहिले, काहींनी नावाजलेल्या वकिलांना घाम फोडला. अमेरिकेच्या फेडरल, म्हणजे केंद्रीय, कोर्टांत हा हक्क १७८९च्या ज्युडिशिअरी ॲक्टपासून आहे. स्वतः लिहिलेला दावा वकिलाच्या मापाने मोजू नये, असं त्यांच्या सुप्रीम कोर्टाने १९७२ साली सांगून ठेवलंय. गंमत अशी की ही सोय कंपनीला नाही. कंपनीला फेडरल कोर्टात वकिलाशिवाय हजरच होता येत नाही. तू ४०५ डॉलर भरून दावा दाखल केलास की त्यांच्या वकिलाचं मीटर सुरू होतं, आणि तडजोडीच्या वेळी ते तुझ्या उपयोगी पडेल. पण सवलत भाषेपुरती, कायद्यात नाही. आणि तुझा कायदा चुकलाय.

तू फसवणूक, निष्काळजीपणा, टेक्सासचा ग्राहक कायदा आणि शेवटी मानसिक त्रासापोटी ५०,००० डॉलर असं सगळं मांडलंयस. ती शेवटची ओळ कुठून आली ते मला ठाऊक आहे. आपल्याकडच्या ग्राहक आयोगात 'मानसिक व शारीरिक त्रासापोटी' हे लिहिल्याशिवाय तक्रार पुरी होत नाही, आणि आयोग थोडंफार देतोही. तिथे ते चालणार नाही. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेलेल्या मालाला तिथे एकच कायदा लागतो, १९०६ची कारमॅक अमेंडमेंट. ती आली रेल्वेच्या काळात, पण आज घरसामानाच्या ट्रकलाही तीच लागू आहे. मालाच्या नुकसानीबाबत राज्यांचे कायदे तिच्यापुढे बाजूला पडतात, हे १९१३ सालीच ठरलं. टेक्सास ज्या फिफ्थ सर्किट या फेडरल अपील कोर्टाखाली येतं, त्या कोर्टाने १९९३ साली घर हलवणाऱ्या एका कुटुंबाचे फसवणुकीपासून मनस्तापापर्यंतचे सगळे मुद्दे याच कारणाने काढून टाकले होते. कंपनीचा वकील पहिल्या अर्जात हेच म्हणेल आणि जिंकेल. म्हणून आधीच ते सगळं काढ. समीररावांशी ट्रकचा ड्रायव्हर उर्मटपणे बोलला तेही काढ.

काढल्यावर जे उरतं ते तुझ्या बाजूचं आहे. तुला तीनच गोष्टी दाखवायच्या: एडिसनला माल ताब्यात दिला तेव्हा धड होता, ऑस्टिनला उतरला तेव्हा मोडलेला किंवा कमी होता, आणि नुकसान इतक्या डॉलरचं. त्यांची चूक तुला सिद्ध करावी लागत नाही. १९६४चा एक खटला आहे, टेक्सासहून शिकागोला रेल्वेने गेलेल्या खरबुजांचा. रेल्वेने हलगर्जी केली नाही असं ज्युरीने मान्य केलं, तरी पैसे रेल्वेनेच भरले. दैवी आपत्ती, शत्रूचा हल्ला, माल पाठवणाऱ्याची करणी, सरकारी कारवाई किंवा मालाचा मूळचाच दोष, यांपैकी कशाने तरी नुकसान झालं हे दाखवायचं ओझं वाहतूकदारावर असतं. ते मी सावकाश वाचलं. आपल्याकडच्या किती वाद्यांना असा कायदा हवा असता!

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि याचा मसुद्यात एक शब्द नाही. बिल ऑफ लेडिंग, म्हणजे माल ताब्यात घेताना कंपनीने दिलेला पावतीवजा करार, काढ आणि किमतीच्या चौकटीत कुठे सही आहे ते बघ. कायद्याने पूर्ण किमतीचं संरक्षण आपोआप मिळतं. ते नको असं ग्राहकाने लिहून सही केली, तरच भरपाई पौंडाला ६० सेंटवर येते. ट्रक दारात उभा, मुलं रडतायत, आणि कोणी तरी 'इथे सही करा' म्हणतं, तेव्हा नेमकी हीच सही घेतली जाते. ती असेल तर १२० पौंडांच्या सोफ्याचे ७२ डॉलर, ४५ पौंडांच्या टीव्हीचे २७, आणि आजीच्या तंबोऱ्याचा भोपळा फुटलाय त्याचे, तंबोरा नऊ पौंड धरला तर, ५ डॉलर ४० सेंट. मग सगळं घर मोडलं तरी दावा १०,००० डॉलरच्या वर जाणं कठीण. आणि एका बिलावरची रक्कम १०,०००च्या वर नसेल तर फेडरल कोर्ट कारमॅकचा दावा घेतच नाही. मनस्तापाचे आकडे जोडून ती रेषा ओलांडता येत नाही.

म्हणजे कोणत्या कोर्टात जायचं ते त्या एका सहीवर आहे. सही असेल तर फेडरलचा नाद सोड. कंपनीला लवादाची सोय ठेवावीच लागते, आणि १०,०००पर्यंतच्या वादात तू मागितलास तर तिला लवाद नाकारता येत नाही. नाही तर टेक्सासचं जस्टिस कोर्ट, म्हणजे छोट्या दाव्यांचं राज्याचं कोर्ट, आहे, तिथे २०,०००पर्यंतचे दावे चालतात. कारमॅकचा दावा राज्याच्या कोर्टातही लावता येतो, आणि रक्कम १०,०००च्या आत असली तर कंपनीला तो उचलून फेडरलमध्ये नेता येत नाही. यात कमीपणा काही नाही. सही नसेल तर मात्र जा, मी मागे आहे.

दुसरं, तुझे सगळे ईमेल मी वाचले. त्यात 'अत्यंत बेजबाबदार' आहे, 'सोशल मीडियावर टाकीन' आहे, पण डॉलरचा आकडा एकातही नाही. रकमेशिवायची तक्रार नियमाप्रमाणे क्लेम, म्हणजे कंपनीकडे केलेली भरपाईची लेखी मागणी, धरली जात नाही. क्लेम करायला कंपनीला नऊ महिन्यांपेक्षा कमी मुदत ठेवता येत नाही, आणि बहुतेक कंपन्या तेवढीच ठेवतात. तुझं सामान उतरून सहा होत आले. या आठवड्यात शिपमेंटचा नंबर, वस्तूंची यादी, प्रत्येकीची किंमत आणि एकूण मागणी असं लेखी पाठव. ३० दिवसांत पोच आणि १२० दिवसांत होकार, नकार किंवा तडजोडीचा देकार त्यांनी द्यायचा असतो. लेखी नकार आला की त्या तारखेपासून दावा लावायला निदान दोन वर्षं मिळतात. तेव्हा घाई क्लेमची, दाव्याची नव्हे.

प्रतिवादी कोण, हाही घोळ आहे. पैसे घेतले एका नावाच्या कंपनीने, ट्रक आला दुसऱ्याच नावाचा. पहिली नुसती दलाल असेल तर कारमॅकखाली तिच्यावर काहीच बसत नाही. जबाबदारी माल नेणाऱ्याची. बिलावरचा यूएसडॉट नंबर, म्हणजे तिकडच्या वाहतूक खात्याचा नोंदणी क्रमांक, सरकारी साइटवर टाकून बघ, कोण वाहतूकदार आणि कोण दलाल ते तिथे कळतं. राज्याराज्यांत समन्स घ्यायला त्यांनी नेमलेला एजंटही तिथेच सापडेल. समन्सची बजावणी तिकडे पक्षकारालाच करवून घ्यावी लागते, दावा दाखल झाल्यापासून ९० दिवसांत. आपल्यासारखा बेलिफ येत नाही. तू स्वतः नेऊन द्यायचं नाही. १८ वर्षांवरचा, दाव्यात नाव नसलेला कोणीही चालतो. म्हणजे समीरराव वादी असले तर तेही नकोत. आणि वादी ते असतीलच, बिलावर दोघांची नावं आहेत. तुला त्यांच्या वतीने सही करता येणार नाही आणि बोलताही येणार नाही. नवराबायको असलात तरी प्रत्येकाने आपापली सही करायची.

पुरावा मात्र तू छान जमवलायस. त्यांच्या यादीत तंबोऱ्यापुढे 'सीपी' आहे, म्हणजे तो त्यांच्या माणसांनी बांधला. हे सोन्यासारखं आहे. 'पीबीओ' लिहिलेली खोकी तुम्ही बांधलेली, त्यांतल्या भांड्यांसाठी आत काय होतं आणि कसं होतं हे वेगळं दाखवावं लागेल. फर्निचरपुढे सगळीकडे 'ओरखडे' लिहून ठेवलेत, ती त्यांची जुनी युक्ती. म्हणून एडिसनच्या गणपतीतले फोटो शोध, आरतीच्या फोटोत मागे सोफाही दिसतो आणि तंबोराही. तंबोरा माझ्या आईचा, त्याची किंमत मी सांगू शकत नाही, आणि कोर्टही विचारणार नाही. ते विचारेल दुरुस्तीला किती आणि तसा नवा कितीला.

लाल शाईने खुणा केलेला मसुदा वेगळा पाठवते. चार पानं पुरतील.

बाबांचे आशीर्वाद. समीररावांना नमस्कार, मुलांना गोड पापे.

तुझी
आई

ता. क. भोपळ्याला कोणालाही डिंक-फेविकॉल लावू देऊ नकोस आणि तुकडे फेकू नकोस. कंपनीला तपासणी करायची असेल तर वस्तू आहे तशी दाखवता आली पाहिजे. भोपळा, तबली आणि घोडीचे वेगवेगळे फोटो पाठव. मिरजेच्या कारागिराकडून दुरुस्तीचा खर्च लेटरहेडवर लिहून घेते, रुपयांत असला तरी तारखेसकट.